आधी इच्छा, मग चाचणी

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञान शाखेची वर्गशिक्षिका आहे. वर्गात साठ मुले-मुली आहेत. निम्मी शहरातली, बाकीची राधानगरी, भोगावती, कागल, पन्हाळा या बाजूंनी एसटीने ये-जा करणारी. प्राचार्यांच्या सूचनेवरून मी जुलैमध्ये सर्वांकडून व्यक्तिमत्त्वाची स्वयंमूल्यमापन चाचणी भरून घेतली आणि तिच्या निकालावरून प्रत्येकाला वर्षासाठी एक वैयक्तिक ध्येय लिहायला सांगितले. आलेले कागद वाचून निराश झाले. ‘आत्मविश्वास वाढवीन’, ‘शिस्त लावून घेईन’, ‘राग कमी करीन’ या तीन वाक्यांपलीकडे फारसे कोणी गेलेले नाही. भोगावतीकडून येणारी एक हुशार मुलगी भौतिकशास्त्रातल्या शंका कधीच विचारत नाही, शेवटचा तास सुटला की सर्वांत आधी बाहेर पडते. चाचणीत ‘अंतर्मुख’ असे आल्यापासून ती म्हणते, “मॅडम, मी अशीच आहे, यातही तसंच आलंय.” तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळणारा एक मुलगा आपण ‘बेशिस्त’ ठरलो असे हसत सांगत फिरतो. हा उपक्रम पुढे न्यावा की सोडून द्यावा? प्राचार्यांना हे गुण प्रगतिपत्रकावर नोंदवून हवे आहेत.
— एक वर्गशिक्षिका, कोल्हापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

उपक्रम सोडू नका, पण त्याचा क्रम उलटा करा. तुम्ही आधी चाचणी घेतली आणि मग ध्येय विचारले. त्या क्रमाने विचारले की सोळा वर्षांचे मूल काय करणार, तर सर्वांत कमी गुण कुठे पडले ते पाहणार आणि तेवढे दुरुस्त करण्याचे वचन लिहून देणार. साठही कागद सारखे येण्याचे कारण मुलांचा आळस नाही. त्यांच्यासमोर निकाल होता आणि निकालात कमी असेल ते भरून काढायचे असते, हे त्यांना पहिलीपासून शिकवलेले आहे. व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीतून ध्येय निघत नाही. ध्येय मुलाच्या इच्छेतून निघते, आणि त्या वाटेवर हे मूल कुठे अडखळण्याची शक्यता आहे, एवढेच चाचणी दाखवू शकते.

तुम्ही कोणती चाचणी घेतली ते पत्रात लिहिलेले नाही. पण ‘अंतर्मुख’ असा शिक्का हातात आला त्यावरून ती माणसांना प्रकारांत वाटणारी असावी. मोबाइलवर सध्या अशाच चाचण्यांची चलती आहे. त्यांतील सोळा प्रकारांची कल्पना कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या व्यक्तिमत्त्व-प्रकारांविषयीच्या १९२१ मधील मांडणीच्या आधारे विकसित केलेल्या प्रश्नावलीतून आलेली आहे. मुलांना ती आवडते, कारण तिच्यात कोणालाही वाईट म्हटलेले नसते. अडचण अशी आहे की बहुतेक माणसे या गुणांच्या बाबतीत टोकांना नसून मध्याच्या आसपास असतात, आणि मध्यावर रेघ ओढली की एकोणपन्नास गुणांचे मूल अंतर्मुख आणि एक्कावन्न गुणांचे मूल बहिर्मुख ठरते. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांचा प्रकार बदलतो तो याच कारणाने. संशोधनात आज जास्त मान्यता आहे ती पाच घटकांच्या प्रतिमानाला : नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा, कामातली नेटकी चिकाटी, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि चिंतेकडे असलेला कल. येथे माणूस कोणत्या खणात बसतो हे सांगितले जात नाही, प्रत्येक गुणाच्या पट्टीवर तो अंदाजे कुठे आहे एवढेच सांगितले जाते. या प्रतिमानावर काम करणारे लुईस गोल्डबर्ग यांनी उभारलेला विधानांचा संग्रह कोणालाही विनामूल्य वापरता येतो. पुढच्या वेळी त्यातील वीस-पंचवीस विधाने निवडा आणि ती मुलांच्या तोंडच्या साध्या मराठीत करून घ्या.

निकाल वाचून “अगदी माझंच वर्णन!” असे मुले म्हणाली, तर तेवढ्याने चाचणी खरी ठरत नाही. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी देऊन नंतर प्रत्येकाच्या हाती त्याचे ‘वैयक्तिक’ वर्णन ठेवले आणि ते कितपत जुळते ते पाचपैकी गुण देऊन सांगायला लावले. सरासरी ४.२६ आली. सर्वांना दिलेला मजकूर एकच होता आणि तो ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. हा प्रयोग वर्गात सांगा, किंवा याहून चांगले म्हणजे करूनच दाखवा. एक तास जाईल, पण मुले त्यानंतर कोणत्याही निकालाकडे जरा सावधपणे पाहतील. आपल्याकडे घरोघरी पत्रिका बघतात, त्यामुळे त्यांना मुद्दा चटकन कळेल.

आता त्या भोगावतीच्या मुलीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रातला तोच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. तुम्ही तिच्याविषयी दोन गोष्टी लिहिल्या आहेत : ती शंका विचारत नाही, आणि तास सुटताच ती सर्वांत आधी बाहेर पडते. दुसरी गोष्ट तुम्ही लाजाळूपणाचा पुरावा म्हणून लिहिली आहे, असे वाटते. तिची एसटी किती वाजता सुटते, हे तुम्ही तिला विचारले आहे का? ती गाडी चुकली तर पुढची किती वेळाने आहे, आणि अंधार पडल्यावर फाट्यापासून घरापर्यंत तिला एकटीने चालावे लागते का? तसे असेल, तर ज्याला तुम्ही, चाचणी आणि आता ती स्वतःही स्वभाव म्हणत आहात, त्यातला मोठा भाग गाडीचे वेळापत्रक असू शकतो. स्वयंमूल्यमापनात हा धोका नेहमीच असतो. ‘मी सर्वांसमोर बोलायला कचरते’ या विधानापुढे मूल खूण करते तेव्हा कचरण्याचे कारण विधान विचारत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला अकरावी विज्ञानात इंग्रजीतून प्रश्न विचारायचा असतो, चुकलो तर मागच्या बाकांवरून हसू येईल अशी भीती असते, घरी मोठ्यांच्या मध्ये बोलायचे नाही ही शिकवण असते. हे सगळे त्या एका खुणेत मिसळून जाते आणि निकालात मात्र ‘अंतर्मुखता’ असा एकच शब्द उरतो.

म्हणून तिच्याशी बोलताना सुरुवात निकालापासून करू नका. तिला काय हवे आहे ते विचारा. “मला धीट व्हायचे आहे,” असे ती म्हणेल. ते बहुधा आपल्याला बरे वाटावे म्हणून दिलेले उत्तर असते, त्यावर थांबू नका. धीट होऊन काय करायचे आहे, हे विचारा. समजा ती म्हणाली की भौतिकशास्त्रात मागे पडत चालले आहे आणि ते थांबवायचे आहे. हे खरे ध्येय आहे आणि त्यासाठी साठ जणांसमोर हात वर करण्याची गरजच नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत जाऊन शंका विचारता येते, वहीत लिहून वही देता येते. ‘दर आठवड्याला दोन शंका सोडवून घेईन’ एवढे ठरले, की मग चाचणीचा कागद बाहेर काढावा आणि तिलाच विचारावे की यात तू जे लिहिले आहेस ते पाहता हे कुठे अडेल असे तुला वाटते. ती सांगेल, की सरांच्या टेबलाजवळ गेल्यावर शब्दच फुटणार नाहीत. मग उपाय त्या जागेपुरता शोधायचा : शंका आदल्या रात्री वहीत पूर्ण वाक्यात लिहून ठेवायची, आणि ‘मधल्या सुट्टीची घंटा झाली की डबा उघडण्याआधी वही घेऊन शिक्षकखोलीत जाईन’ असे ठरवायचे. ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा आखणीवर पीटर गोल्विट्झर यांनी बरेच काम केले आहे. नुसत्या निश्चयापेक्षा वेळ आणि जागा यांना बांधलेला निश्चय अमलात येण्याची शक्यता जास्त असते, हे त्यातून पुढे आले. ती अंतर्मुखच राहिली तरी काही बिघडत नाही. तिला भौतिकशास्त्र समजायला हवे होते, स्वभाव बदलायला नको होता.

फुटबॉल खेळणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी आहे आणि जरा गमतीची आहे. कोल्हापुरात तालमीच्या संघाकडून खेळणारा मुलगा सरावाला उशिरा गेला तर त्याचे काय होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असणार. हंगामात शाहू स्टेडियमवर सामना असेल त्या दिवशी हा मुलगा बूट, मोजे, जर्सी यांतले काहीही विसरत नाही, वेळेआधी हजर असतो, आणि तरीही चाचणीत त्याने ‘मी कामे अर्धवट सोडतो’ या विधानापुढे ‘पूर्णपणे लागू’ अशी खूण केली, कारण उत्तर देताना त्याच्या डोळ्यांसमोर जर्नल आणि गृहपाठ होता. वर्गात भरलेल्या चाचणीला मुले वर्गातल्या आयुष्याविषयीच उत्तरे देतात. त्याला शिस्त नाही असे नाही. चारचौघे वाट पाहत असतील आणि आपल्यामुळे संघाचे अडेल असे वाटत असेल तेव्हा त्याची शिस्त जागी होते, एकट्याने अभ्यासाला बसताना होत नाही. हे त्याच्याकडूनच काढून घ्या. “तुझी शिस्त कुठे दिसते?” हा प्रश्न त्याला आजवर बहुधा कोणी विचारलेला नसेल. मग त्याचे ध्येय ‘शिस्त लावून घेईन’ असे राहणार नाही. सरावानंतर संघातल्याच दोघांबरोबर एकाच्या घरी बसून आठवड्यातून तीन दिवस गणिताचा एक-एक प्रश्नसंच सोडवायचा, असे काहीतरी ठोस होईल. तालमीतला वस्ताद नव्या पोराची उंची आणि मांड पाहतो ती त्याला कुस्तीतून काढून टाकण्यासाठी नव्हे, तर त्याला आधी कोणता डाव शिकवायचा हे ठरवण्यासाठी. चाचणीचा निकाल तुम्ही त्या नजरेने वाचावा, असे मला वाटते.

याच मुलाच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. स्वतःला गुण देताना माणूस आसपासच्या माणसांशी तुलना करत असतो. पहाटे उठून म्हशींच्या धारा काढून, डेअरीला दूध घालून मग एसटी पकडणारे मूल ‘मी मेहनती आहे’ या विधानापुढे पाचपैकी तीनच गुण देईल, कारण त्याच्या घरात सगळेच तसे राबतात आणि थोरला भाऊ त्याहून जास्त राबतो. सकाळी आईने दोनदा हाक मारल्यावर उठणारे मूल स्वतःला निःशंकपणे पाच देईल. दोन्ही मुले खरेच बोलत असतात. तेव्हा दोन मुलांच्या गुणांची एकमेकांशी तुलना करणे आणि त्यावरून वर्गाची सरासरी काढणे याला काही अर्थ नाही, आणि प्राचार्यांना हे गुण प्रगतिपत्रकावर का देऊ नयेत, याचे पहिले कारणही हेच आहे.

दुसरे कारण असे की एकदा हे गुण पत्रकावर जाणार असे कळले की मुले बरोबर उत्तरे लिहायला शिकतील. ‘मी नेहमी वेळेवर येतो’ या विधानापुढे कोणती खूण शहाणपणाची, हे न कळणारा मुलगा अकरावीत पोहोचत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनाला आणि सहाध्यायींनी केलेल्या मूल्यमापनालाही जागा असावी असे म्हटले आहे, आणि प्राचार्यांच्या मनात बहुधा तेच असावे. ती जागा चाचणीच्या गुणांनी न भरता मुलाने स्वतः ठरवलेले ध्येय, त्यासाठी त्याने काय केले आणि पुढे काय करणार आहे, अशा तीन-चार वाक्यांनी भरता येईल. ही वाक्ये मुलानेच लिहावीत आणि कोणती वाक्ये घरी दाखवायची हेही त्यानेच ठरवावे. प्राचार्यांना याचा मसुदा तयार करून दाखवलात, तर नुसता नकार देण्यापेक्षा ते लवकर मान्य करतील. तुमच्याकडे असलेले जुलैचे कागद मात्र ज्याचे त्याला परत देऊन टाका. ते कपाटात ठेवू नका आणि शिक्षकखोलीत त्यांची चर्चा होऊ देऊ नका.

पालकसभेत एखादे पालक विचारतील, की निकाल पाहता मुलीला अभियांत्रिकीला घालावे की फार्मसीला. या चाचणीवरून ते सांगता येत नाही, असे स्पष्ट सांगा. कामाची आवड मोजण्याची साधने वेगळी असतात. जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून मांडलेली सहा प्रकारच्या आवडींची कल्पना त्यांपैकी एक. आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीसाठी जी कल चाचणी झाली तिचाही रोख आवडीवर होता, स्वभावावर नव्हता, आणि तीसुद्धा शाखा ठरवून देणारा आदेश नव्हती.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करायचे ते. पहिल्या तासाला चाचणीचे नावही काढू नका. प्रत्येकाने पुढच्या तीन महिन्यांत स्वतःच्या बाबतीत काय बदललेले पाहायला आवडेल ते लिहावे आणि त्याखाली ‘हे मला हवे आहे की घरच्यांना?’ या प्रश्नाचे खरे उत्तर लिहावे. हा कागद तुम्ही गोळा करणार नाही, हे आधीच सांगा. दुसऱ्या तासाला स्वयंमूल्यमापन घ्या, आणि प्रत्येक विधानापुढे आकडा लिहिण्याबरोबरच निदान तीन-चार विधानांपुढे गेल्या आठवड्यातला एक प्रसंग लिहायला सांगा. ‘मी लवकर चिडतो’ याच्यापुढे ‘मंगळवारी धाकट्याने चार्जर नेला म्हणून ओरडलो’ असे लिहिले गेले की तो गुण राहत नाही, प्रसंग होतो, आणि प्रसंगावर काही करता येते. तिसऱ्या तासाला दोन्ही कागद शेजारी ठेवून इच्छा आणि अडथळा यांची जोडी लावायची आणि त्यातून एक कृती ठरवायची. कृती मोजता येईल अशी असावी आणि थोडी कठीण असावी. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासाचे सार असे, की ‘जमेल तेवढे करीन’ यापेक्षा नेमके आणि कष्ट घ्यायला लावणारे ध्येय माणसाकडून जास्त काम करून घेते. अर्थात ते त्याने मनापासून स्वीकारलेले असावे लागते आणि त्याच्या आवाक्यातले असावे लागते.

खरे काम यानंतर सुरू होते, आणि बहुतेक शाळा-महाविद्यालयांतले असे उपक्रम येथेच संपतात. अमेरिकेतील नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७७ विद्यार्थ्यांना १५ आठवडे स्वतःच्या इच्छेने लहान-लहान आव्हाने निवडायला दिली होती. ज्यांनी आव्हाने प्रत्यक्ष पूर्ण केली त्यांच्या गुणांत इच्छित दिशेने बदल दिसला. नुसती निवडून ठेवणाऱ्यांत तसा बदल आढळला नाही. तेव्हा भिंतीवर तक्ते लावण्यापेक्षा दर शनिवारी शेवटची दहा मिनिटे राखून ठेवा. साठ जणांशी तुम्ही एकट्या बोलू शकणार नाही, म्हणून मुलांनी आपल्या पसंतीची जोडी निवडावी आणि एकमेकांना एवढेच विचारावे की या आठवड्यात काय केले, कुठे अडले, पुढच्या आठवड्यात त्यात काय बदलायचे. तुम्ही दर शनिवारी पाच-सहा जणांपाशी बसलात तरी तीन महिन्यांत सर्वांपर्यंत पोहोचाल. ध्येय सोडून देण्याची किंवा बदलण्याची मोकळीक असू द्या. तीन आठवड्यांनी “मला हे नकोच होते,” असे म्हणणारे मूल स्वतःविषयी काही शिकलेले असते. आणि महिन्याभराने पुन्हा चाचणी घेऊन सुधारणा दाखवण्याचा मोह टाळा. इतक्या थोड्या काळात आकड्यात पडलेला फरक बहुधा त्या दिवशीच्या मनःस्थितीचा असतो. किती वेळा ठरवलेली गोष्ट केली, ही नोंद पुरेशी आहे.

एका बाबतीत मात्र ही सगळी रीत बाजूला ठेवावी लागते. चिंता, झोप न लागणे, कशातच मन न रमणे यांविषयीच्या विधानांपुढे एखाद्या मुलाने सतत टोकाच्या खुणा केल्या असतील किंवा प्रसंग म्हणून काही गंभीर लिहिले असेल, तर त्याच्याकडून ध्येय लिहून घेऊ नका. त्याच्याशी एकांतात बोला आणि समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे नेण्याची व्यवस्था करा. टेलिमानस ही शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. हा क्रमांक संपूर्ण वर्गाला सांगून ठेवा, म्हणजे कोणा एकाकडे बोट दाखवल्यासारखे होणार नाही. ‘वर्गातले कागद कोणीच वाचणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका; जीवाला धोका वाटला तर मी मोठ्यांना सांगेन, हे पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे.

सुरुवात दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात करावी, असे मी सुचवीन. पहिल्या सत्राचे निकाल तोवर हाती आलेले असतात आणि वार्षिक परीक्षेची धावपळ अजून लांब असते. पहिले तीन तास सलग तीन आठवड्यांत घ्या, एकाच आठवड्यात उरकू नका. मधल्या दिवसांत मुले आपापसांत बोलतात आणि पहिल्या तासाला लिहिलेली इच्छा बरेचदा तेव्हाच बदलते. त्या भोगावतीच्या मुलीशी मात्र दिवाळीची वाट न पाहता याच आठवड्यात मधल्या सुट्टीत बोला, आणि भौतिकशास्त्राच्या सरांना त्या वेळी शिक्षकखोलीत थांबता येईल का, हेही विचारून ठेवा.